अर्जाची पहिली ओळ

नलू,

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, अकोल्यातल्या तुझ्या घरी, तुझा श्वास थांबला. खोलीत त्या वेळी एक माणूस होतं. ते मी नव्हते.

मी मूर्तिजापूरच्या स्टँडवर होते. शमीमचा पहिला फोन पावणेपाचला आला. "ताई, निघा," एवढंच ती म्हणाली. अमरावतीहून मिळाली त्या गाडीत मी बसले. दुसरा फोन आला तेव्हा कंडक्टर खाली उतरून चहा पीत होता. गाडी लवकर काढा, असं मी त्याला सांगणार होते. ते मग सांगितलं नाही.

तुझी बातमी माझ्याच टेबलावर आली. सहा ओळी होत्या. नाव, वय, टायपिंगचे वर्ग, दीर्घ आजार, अंत्यसंस्कार. शेवटी अकोल्याच्या वार्ताहरानं लिहिलं होतं, 'त्यांच्या पश्चात एक बहीण आणि मैत्रीण शमीम आहेत.' आमच्या पानावर मैत्रिणी पश्चात नसतात. मी तीन शब्द काढले आणि 'आहेत'चं 'आहे' केलं. नियमाप्रमाणे केलं. नियम नसता तरी केलं असतं. हे आधी सांगते, कारण हे लपवलं तर पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही.

हेवा हा शब्द अठ्ठावीस वर्षांत मी एकाही बातमीत जाऊ दिला नाही. तो सिद्ध करता येत नाही. माझ्या बाबतीत मात्र कागद आहेत, वार आहेत, वेळा आहेत.

सुरुवात तुझ्या करंगळीपासून झाली. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "ताई, माह्या हातून चुका होऊन राहिल्या." मी हसले. तुझ्या हातून टायपिंगची चूक होणं ही मला गंमत वाटली. त्या औषधांच्या दुकानावरच्या खोलीत तू निम्म्या जिल्ह्याला टायपिंग शिकवलंस. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. शिकणाऱ्याच्या हातांवर बुटाच्या खोक्याचं झाकण ठेवायचीस, म्हणजे त्यानं बोटांकडे पाहू नये. मलाही बसवलं होतंस. आठ दिवसांत मी सोडलं. आजही दोन बोटांनी लिहिते. हेसुद्धा.

शमीम तुझ्याकडे चाळिसाव्या वर्षी आली. तिचा नवरा तहसील कार्यालयासमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि त्या टेबलावर बसायला घरात दुसरं कोणी नव्हतं. तीन महिन्यांत ती न पाहता टाइप करायला लागली. हे तू मला चार वेळा सांगितलंस. चौथ्या वेळी मी "समजलं" म्हणाले, आणि तू विषय बदललास.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरत आहेत, ते म्हणाले. हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषधानं थांबत नाही आणि तुमच्या बहिणीचा वेग जास्त आहे. किती दिवस, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी आत आले आणि तुला म्हणाले, "व्यायाम करायला सांगितलाय."

एका सूत्रावर बातमी द्यायची नाही, हा माझा नियम. मी तुझे रिपोर्ट मुंबईच्या एका डॉक्टरांकडे पाठवले आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहत राहिले. तोपर्यंत नागपूरचं म्हणणं माझ्या लेखी अपुष्ट होतं. उत्तर फार उशिरा आलं. तेच होतं.

होळीच्या आधी तू वर्ग बंद केलास. त्या रविवारी तुझ्या घरी आपलं भांडण झालं, ते अजून तिथेच थांबलेलं आहे. मी म्हणाले, अमरावतीला राजापेठेत माझ्याकडे चल.

"तुह्याकडे येऊन काय करू? खाली दिवसभर गाड्यांचे हॉर्न, वर तू नाई."

"बाई ठेवू."

"मंग इथंच ठेवू ना. माह्या घरात, माह्या पलंगाजवळ." मग तू म्हणालीस, "ताई, दिव्यांगाचा दाखला काढू. दाखल्यावर तहसीलचं अनुदान भेटते, चाकाची खुर्ची भेटते. माह्या नावानं."

"मी देते ना सगळं."

"तू देतंच आली. कॉलेजची फी तू, पयली मशीन तू, दर दिवाळीले लुगडं तू. एकदा मले दुसऱ्याकडून घेऊ दे."

"सरकारकडून?"

"हो. सरकार उठता-बसता म्हनत नाई का हे म्या देल्लं."

मी कधी तसं म्हटलं होतं का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. उत्तराची खात्री नव्हती. सरकारचा हेवा करणारी बाई अख्ख्या वऱ्हाडात मी एकटीच असेन.

"पन जित्तेपनी भेटलं पाह्यजे," तू म्हणालीस. "मेल्यावर कागद आला तं तुह्या पेपरात छापजो."

अर्ज मी लिहिला. दाखला द्यायचा तर वैद्यकीय मंडळानं तपासायला हवं. मंडळ बुधवारी बसतं, आणि रांग मोठी. तारीख लवकर मिळावी म्हणून सोबत एक पत्र जोडायचं होतं. ते लिहिण्याआधी एका रविवारी पहाटेच्या गाडीनं येऊन मी तुला चालवलं. सकाळी नऊला, झोप झाल्यावर, चहा पिऊन. तुझ्या दिवसातला सगळ्यात बरा तास. तू भिंत धरून चाललीस आणि मी मोजत होते. अकराव्याला तू खाली बसलीस. ते मी लिहिलं नाही, कारण अकरावं पाऊल पडलंच नव्हतं. मी लिहिलं, 'अर्जदार भिंतीच्या आधाराने दहा पावले चालू शकतात. डाव्या हाताने पेला उचलू शकतात. बोलणे स्पष्ट आहे.' आजार वेगानं वाढतो आहे, हे लिहिलं नाही. मुंबईचं उत्तर आलेलं नव्हतं. शिवाय पत्रावर सही करण्याआधी तू ते वाचणार होतीस.

आपल्याला दहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. खिडकीवरच्या माणसाचा दोष नव्हता. ही बाई चालते, बोलते, पेला उचलते, असं त्याच्या पुढ्यातला कागद सांगत होता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

आणि मला महत्त्वाचं वर घ्यायला शिकवलं होतं कोणी? तेल्हाऱ्यात कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागली होती, ती माझी पहिली बातमी. मी हातानं लिहिली. तू नुकती टायपिंग शिकत होतीस, तुला टाइप करायला दिली. मी सुरुवात गावापासून केली होती, मग कापसाचा हंगाम, मग बाजार. तू मशीनवर कागद चढवलास, वाचलंस आणि म्हणालीस, "ताई, तुही आग तिसऱ्या परिच्छेदात लागून राहिली. तवरोक सारं जळून जाईन." तू आग पहिल्या ओळीत आणलीस. संपादकांनी सुरुवातीचं कौतुक केलं, मला नोकरी दिली. ती ओळ तुझी होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. नंतर नवीन आलेल्या प्रत्येक उपसंपादकाला मी तो धडा माझा म्हणून शिकवला. तुझे आभार मानायचे राहिले, ते आता इथे मानते. मानायला हवे होते त्याहून फार उशिरा.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. शमीमनं मला ते तुझ्या तेराव्याला सांगितलं. तुला भेटायला ती आली होती आणि पलंगाशेजारी माझ्या पत्राची प्रत होती. तिनं ती वाचली.

"मॅडम, हे कोनं लिवलं?"

"ताईनं."

"पेपरवाल्या ताईनं?"

"हो. काहून?"

"असं वाटून राहिलं का तुमी नोकरीसाठी अर्ज करून राहिल्या."

तू हसलीस. हसताना ठसका लागला. तिनं तुला उठवून बसवलं, पाठीवर हात फिरवला, आणि ठसका थांबल्यावर विचारलं, "डॉक्टर किती दिवस बोलले?"

"ताई सांगत नाई."

"तुमी पुसलं?"

"कायले पुसू? ती सांगत नाई म्हंजे कमीच असन. जास्त असते तं तिनं नागपुरातच सांगून टाकलं असतं."

म्हणजे तुला माहीत होतं. दर रविवारी मी येऊन "व्यायाम करतेस ना?" विचारत होते आणि तू "करतो" म्हणत होतीस. आपण दोघी एकमेकींना सांभाळून घेत होतो. खरं मात्र तू तिच्याजवळ बोललीस, आणि तेही पहिल्यांदा विचारल्याबरोबर. ही माहिती एकाच सूत्राकडून आलेली आहे. दुसरं सूत्र तू होतीस.

शमीमनं नवं पत्र तुझ्या पलंगाजवळ बसून टाइप केलं. प्रत्येक वाक्य आधी मोठ्यानं म्हणायची, "खरं हाय ना, मॅडम?" विचारायची, तू मान हलवलीस की टाइप करायची. पहिली ओळ होती, 'अर्जदाराजवळ वेळ फार कमी आहे.' त्याखाली तुझी संध्याकाळ होती. मान धरून ठेवता येत नाही. कूस बदलायला दुसरं माणूस लागतं. पाणी श्वासात जातं. माझ्या पत्रात तुझी सकाळ होती. दोन्ही खरी होती.

पहिली ओळ तशी का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आमच्या ह्यांचा कागद आला तवा ते नव्हते. चालीसवा होऊन गेला होता. म्या त्यांच्या अर्जात पयले नाव लिवलं, मंग पत्ता, मंग बीमारी. वेळ नाई हे कोठीच नाई लिवलं. मले वाटलं, त्याहिले दिसन."

तिनं नागपूरच्या दवाखान्यात फोन करून डॉक्टरांकडून एक ओळ लेखी मागितली: आजार वाढत जाणारा आहे, तपासणी लवकर व्हावी. त्यांनी त्याच दिवशी पाठवली. मला त्यांनी ती नागपुरातच हातात दिली असती. मी मागितली नव्हती.

अकराव्या दिवशी मंडळानं बोलावलं. त्या बुधवारी मी रजा टाकून आले, म्हणून हे स्वतः पाहिलेलं आहे. तुला रिक्षातून उतरवणं जमेना. शमीम आत गेली आणि डॉक्टरांना घेऊन बाहेर आली. ते उन्हात उभे राहिले, रिक्षात वाकून त्यांनी तुझे हात पाहिले, जीभ पाहिली. मग विचारलं, "सोबत कोण आहे?"

आम्ही दोघीही "मी" म्हणालो.

डॉक्टर शमीमकडे वळले. फाइल तिच्या हातात होती. "जेवण कसं आहे?"

"पातळ," मी म्हणाले.

"सर, पातळ नाई," शमीम म्हणाली. "पातळ श्वासात जाते. घट्ट करून, चमच्यानं, मान खाली धरून. एका जेवनाले सव्वा तास लागते."

डॉक्टरांनी तिचं लिहून घेतलं. सव्वा तास. अचूकपणा हा माझा धंदा आहे आणि मी तो सव्वा तास कधी मोजला नव्हता. रविवारी मी साडेअकराला यायचे आणि दोनच्या गाडीनं परतायचे. माझ्यासमोर तू नेहमी "मंग जेवतो" म्हणायचीस. तू माझ्यासमोर जेवत नव्हतीस, हे मला त्या रिक्षाजवळ कळलं. परत येताना मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागे तुझी मान तिच्या खांद्यावर होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी दार उघडंच होतं. कूलरच्या आवाजात मी आलेलं कळलं नाही. शमीम तुझ्या पलंगावर बसली होती. तुझे दोन्ही हात तिच्या मांडीवर, वर बुटाच्या खोक्याचं झाकण. झाकणाखाली ती तुझं एकेक बोट वाकवून सरळ करत होती. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. पहिल्या धड्याच्या क्रमानं.

"पाहाचं नाई मॅडम," ती म्हणत होती. "बोटाइकडे पाह्यलं का मार्क कटतीन."

तू काहीतरी बोललीस. मला ते कळलं नाही. तुझं बोलणं तोवर फक्त तिलाच कळायचं. ती हसली आणि म्हणाली, "हो, मी लई हळू शिकवतो. तुमच्यावानी छडी नाई घेत ना पन."

मी दारात टरबूज घेऊन उभी होते. मी खाकरले. शमीम उठायला लागली, तू डोळ्यांनी तिला बस म्हणालीस. टरबूज तुला चालणार नाही, हे तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्यासमोर नाही. मग ते आम्ही दोघींनी खाल्लं. गोड होतं. मला राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती.

दाखला झाला, तरी अनुदानाचा आदेश तहसीलमधून निघायचा होता. तुझी मला सक्त ताकीद होती, "ओळख लावजो नको. माह्या कागदानं होऊ दे." मी तुझं ऐकलं नाही. तू गेलीस त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी महसूल खात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन केला. ते "बघतो मॅडम" म्हणाले. तुला सांगितलं नाही. आदेश आला की सांगणार होते. शमीमनं पत्र लिहिलं असेल, पण शेवटी गाडी माझ्या फोननं हलली, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तुझं बोलणं मला कळत नव्हतं तरी.

सोमवारी दुपारी साडेचारला शमीमचा फोन येऊन गेला. मी मीटिंगमध्ये होते. मीटिंगनंतर पानं लागायला सुरुवात झाली. उलट फोन करायचा राहिला.

मंगळवारी मी पोचले तेव्हा तुला खाली घेतलेलं होतं. आदेश टेबलावर होता, पेल्याखाली दाबून ठेवलेला, कूलरच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून. तो मी त्या दिवशी वाचला नाही.

तेराव्याला शमीम सगळ्यांच्या मागे बसली. लोक पांगल्यावर तिनं तुझी फाइल मला दिली.

"मॅडमनं पाह्यला कागद," ती म्हणाली. "म्या वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचाले लावला."

"किती वाजता?"

"चार-सव्वाचार."

"शुद्धीवर होती?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी पुसून राहिल्या का तपासून राहिल्या?"

"तपासते आहे."

"तपासा," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. दारातून वळून म्हणाली, "फोन कावून नाई उचलला, ते म्या तुमाले पुसलं नाई."

मला वाटत होतं, की तू कागद पाहिलास ही गोष्ट तिनं माझ्या समाधानासाठी रचली असावी. त्याहून खरं सांगायचं, तर ती रचलेली असावी अशी माझी इच्छा होती. तुझा तो शेवटचा आनंद तिच्या वाट्याला गेलेला नसावा. बाहेर पडताना ती रडत नव्हती. मी रडत होते, आणि त्यातलं तुझ्यासाठी किती होतं ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी तहसील कार्यालयात गेले. आदेश पोचवणारा शिपाई भेटला. त्याला तू आठवत होतीस.

"टायपिंगवाल्या मॅडम ना? म्या म्हटलं, पोच लाभार्थ्याचीच पाह्यजे, समक्ष. त्या दुसऱ्या बाईनं मॅडमचा हात उचलून कागदावर ठेवला. म्या म्हटलं, तुमीच त्यांचा अंगठा दाबा ना आता. त्या म्हने, नाई, त्यांच्या त्या दाबतीन. थांबलो मंग. लई वेळ लागला. पन दाबला त्याहिनं, स्वताच."

"कोणी मदत केली नाही?"

"सांगून राहिलो ना बाई, कोनंच नाई."

मी पोचपावती आणि कार्यालयातली फाइल पाहायला मागितली. दोन्ही दाखवली गेली. फाइलमध्ये शमीमनं टाइप केलेल्या पत्राची प्रत होती आणि पहिल्या ओळीखाली कोणीतरी लाल शाईनं रेघ ओढलेली होती. माझ्या फोनची नोंद कुठेही नाही. ओळखीच्या अधिकाऱ्यांना मी विचारलं, तर ते म्हणाले, "माफ करा मॅडम, ते माझ्याकडून राहूनच गेलं."

माझ्या पत्राला मिळालेली तारीख तू गेल्यानंतरच्या आठवड्यातल्या बुधवारची होती. ती माझ्या डायरीत अजून आहे.

आदेशावर सही गुरुवारी झाली. मी फोन केला तो शुक्रवारी. पोच सोमवारची आहे, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. डाव्या अंगठ्याचा ठसा तुझा आहे. त्याखाली 'समक्ष' असं लिहून शमीमची सही आहे.